वनस्पती-अर्कांची जीवाणूरोधी चाचणी : या चुका टाळा

कडुनिंब, तुळस किंवा अडुळशाचा अर्क घेऊन स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय या जीवाणूंवर त्याची चाचणी घेणे हा एमएस्सीच्या प्रकल्पांचा परिपाठच झाला आहे आणि त्यातल्या चुकाही ठरलेल्या आहेत.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नुसत्या द्रावकाचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, न ठेवणे. एका विद्यार्थिनीने अडुळशाच्या पानांचा इथेनॉलमधला अर्क गाळून तसाच जीवाणू पसरलेल्या प्लेटमधल्या 8 मिमीच्या वेलमध्ये, म्हणजे माध्यमात पाडलेल्या खड्ड्यात, भरला आणि भोवती 14 मिमीचा झोन, म्हणजे जीवाणू न वाढलेले वर्तुळ, दिसताच प्रबंधाचा निष्कर्ष लिहायला घेतला. मी तिला नवी प्लेट घेऊन एका वेलमध्ये अर्क आणि दुसऱ्यात केवळ इथेनॉल भरायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या दोन झोनमधला फरक तिलाही सांगता येईना. द्रावक रोटरी इव्हॅपोरेटर या बाष्पीभवन यंत्रावर पूर्ण उडवावे, उरलेला अर्क तोलून सौम्य डीएमएसओ या द्रावकात विरघळवावा आणि तेवढ्याच तीव्रतेचे कोरे डीएमएसओ प्रत्येक प्लेटवर ठेवावे, असा माझा शिरस्ता आहे. यात एक दिवस जास्त जातो, ही तक्रार मी ऐकून घेत नाही. हिरडा किंवा आवळ्याचा अर्क असेल, तर त्याचा पीएचही मोजावा, कारण जीवाणूंना नुसता आंबटपणाही रोखू शकतो.

इनॉक्युलमचा, म्हणजे प्लेटवर पसरायच्या जीवाणूंच्या द्रवाचा, गढूळपणा अंदाजाने ठरवू नये. तो 0.5 मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाशी, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे 15 कोटी जीवाणूंशी, जुळवावा आणि 15 मिनिटांच्या आत प्लेटवर पसरावा. म्युलर-हिंटन अगार या जेलीसारख्या माध्यमाचा थर 4 मिमीचाच हवा. माध्यम वाचवण्यासाठी पातळ ओतलेल्या प्लेटवर झोन उगाचच मोठे दिसतात.

‘आमचा अर्क जेंटामायसिनच्या तोडीचा आहे’ हे वाक्य वाचले की मला पुढचे पान उलटावेसे वाटत नाही. जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या प्रमाणित डिस्कमध्ये 10 मायक्रोग्रॅम औषध असते. मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम तीव्रतेच्या अर्काचे 100 मायक्रोलिटर वेलमध्ये भरले, तर तिथे 10 मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने हजारपट माल पडतो. शिवाय झोनची रुंदी ही पदार्थ अगारमध्ये किती पसरतो यावरही ठरते; मेणचट, पाण्यात न मिसळणारे घटक जागचे फारसे हलत नाहीत, म्हणून लहान झोनचा अर्क दुर्बळच असतो असेही नाही. तुलना करायचीच असेल, तर ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, क्रमाने पातळ करत जाऊन किमान रोधक तीव्रता, म्हणजे एमआयसी, काढावी. गडद अर्कात गढूळपणा दिसत नसल्यास जिवंत जीवाणू असल्यास निळ्याचा गुलाबी होणारा रेझाझुरिन हा रंग वापरावा, परंतु काही अर्क जीवाणूंविनाही त्याचा निळा रंग गुलाबी करतात, त्यामुळे अर्क आणि रंग एवढेच असलेला एक वेल राखून ठेवावा.

अर्क ऑटोक्लेव्हच्या दाबाखालील वाफेत निर्जंतुक करू नये, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावा. पुडीतली भुकटी घेऊन काम सुरू करू नये. ताजी फांदी पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी ओळखून घ्यावी आणि नमुन्याचा क्रमांक वहीत पहिल्याच पानावर लिहावा.