भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज: मुलाच्या डोक्यात मावेल एवढंच एका वेळी

५/६ + ३/८ हे गणित फळ्यावर दोन ओळींत संपतं. सोडवणाऱ्याला मात्र ६ आणि ८ चा लसावि २४ काढायचा, तो धरून ठेवत २४ ला ६ ने भागायचं, आलेल्या ४ ने ५ ला गुणायचं, ते २० बाजूला ठेवून परत २४ कडे यायचं, ८ ने भागायचं, ३ ला ३ ने गुणायचं, २० मध्ये ९ मिळवायचे आणि २९/२४ चे १ पूर्णांक ५/२४ करायचे, एवढा उद्योग असतो. पाचवी-सहावीतली बरीच मुलं मध्येच कुठेतरी सुटतात, आणि आपण म्हणतो, ‘लक्ष नाही.’

माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरू शकतो, असं जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. पाठ असलेल्या गोष्टीला मात्र फारशी जागा लागत नाही. ज्याला ‘सहा चोक चोवीस’ तोंडपाठ आहे त्याची एक पायरी जवळजवळ फुकटात होते. बोटं मोजणारा ४ मिळेपर्यंत हे भागायचं कशासाठी होतं तेच विसरतो.

म्हणून पाढे कच्चे असतील तर त्यांचा सराव वेगळा घ्या, रोज पाच मिनिटं. अपूर्णांकांच्या तासाला पाढ्यांचा तक्ता खुशाल समोर ठेवू द्या. ‘तक्ता बघायचा नाही’ ही शिस्त इथे महागात पडते, कारण मूल दोन्हीकडे अडकतं.

सुरुवात १/२ + १/४ आणि २/३ + १/६ अशा जोड्यांनी करा. इथे एक छेद दुसऱ्याच्या पटीत असतो, त्यामुळे एकच अपूर्णांक बदलावा लागतो. मग ३/४ + १/६. पहिल्या दिवशी समान छेद १२ च्या वर जाऊ देऊ नका आणि उत्तर १ पेक्षा मोठं येईल असं गणित घेऊ नका. पूर्णांकयुक्त करणं उद्यावर टाका.

मांडणीवर खास लक्ष द्या. लसावि सापडला की मुलाने लगेच दोन्ही छेद लिहून टाकावेत, अंशांच्या जागा रिकाम्या ठेवून:

५/६ + ३/८ = __/२४ + __/२४

आता २४ डोक्यात वागवायला नको. ५/६ च्या वर बारीक अक्षरात ×४ आणि ३/८ च्या वर ×३ लिहून घ्या, मग अंश भरा: २० आणि ९. कच्चं काम वहीच्या मागच्या पानावर करायला लावू नका. पान उलटून पुढे येईपर्यंत आकडा निसटतो. तुम्हीही पायरीचं कारण त्या पायरीशेजारीच लिहा, फळ्याच्या दुसऱ्या टोकाला नको. आणि मुलं उतरवून घेत असताना समजावून सांगू नका. आधी सांगा, मग गप्प राहून लिहू द्या.

एक उदाहरण फळ्यावर सोडवून लगेच दहा गणितं देण्याची आपली पद्धत नवशिक्यासाठी वाईट आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्यांनी तशीच पुढची गणितं अधिक झटपट सोडवली. वर्गात हे असं करता येतं: ३/४ + १/६ पूर्ण सोडवलेलं द्या (९/१२ + २/१२ = ११/१२) आणि ‘९ कुठून आले?’ एवढंच विचारा. पुढच्या २/५ + १/४ मध्ये ८/२० + ५/२० पर्यंत लिहून द्या, शेवटची पायरी मुलाची. त्यानंतरच्या १/६ + ३/८ मध्ये फक्त छेद २४ भरून द्या. चौथं कोरं.

चुकांकडे नीट पाहिलं तर भार कुठे पडला ते कळतं. ५/६ + ३/८ चं उत्तर ८/२४ आलं, तर मुलाने छेद बदलला आणि अंशाची पाळी येईपर्यंत ती पायरी निसटली. रिकाम्या चौकटींची मांडणी बहुधा पुरते. उत्तर ८/१४ आलं तर त्याला १/२ + १/२ करायला सांगा. तिथेही २/४ म्हणत असेल तर अपूर्णांक म्हणजे काय हेच कळलेलं नाही, कागदाची पट्टी घडी घालून पुन्हा सुरुवात करा. १/२ + १/२ बरोबर १ सांगत असेल तर त्याला कल्पना आहे, गणित लांबलं की ती हातातून सुटते. ४८ छेद घेऊन ५८/४८ आणलं तर ते बरोबरच आहे. संक्षिप्त रूप द्यायला सांगा, फुली मारू नका.

सलग तीन गणितं कुठेही न बघता बरोबर आली की चौकटी आणि अर्धवट सोडवलेली उदाहरणं काढून घ्या. येणाऱ्या मुलाला त्याच मदतीचा अडथळा होतो, ती वाचण्यातच त्याचं लक्ष खर्ची पडतं.

पक्कं होण्यासाठी दुसऱ्या दिवशी वही न उघडता दोन गणितं द्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. वही वाचून काढणं त्या वेळेपुरतं जास्त फायद्याचं वाटतं, आणि पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर असतंही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगांत, उताऱ्यांवर का होईना, आठवड्याने मात्र न बघता आठवून पाहणारे पुढे होते. तिसऱ्या खेपेला एखादी समच्छेद बेरीज आणि एक वजाबाकी मिसळा. सगळी गणितं एकाच साच्याची असली की मूल छेदांकडे न पाहताच लसावि काढत सुटतं.