वॉरंटी संपली आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला? घाईत या चुका टाळा

खंबाटकी घाट चढताना आमच्या सात वर्षांच्या गाडीचा आरपीएम एकदम चार हजारांवर गेला आणि गाडी मात्र जागची हलेना. डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकत होता, मागे उसाचा ट्रक. बायकोने उतरून चाकामागे दगड लावला. मी अजून अॅक्सिलरेटर दाबून बघत होतो. पहिली चूक तीच.

आमचा गिअरबॉक्स ड्राय ड्युअल क्लचचा, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या दोन कोरड्या क्लचचा. यात क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे तापले की लवकर निवत नाहीत. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच घासत राहतो आणि जळका वास येतो. टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या जोरावर चालणारा) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा) असला, तरी स्लिप होणाऱ्या, म्हणजे इंजिन फिरूनही चाकांना जोर न देणाऱ्या, गिअरबॉक्सला रेटणं म्हणजे तेल जाळणं. अर्ध्या तासाने आमची गाडी निवली, चालू लागली, आणि आम्ही "सुटलो" म्हणून निघालो. सुरूर फाटा ओलांडला आणि ती कायमची थांबली. निवल्यावर चालणारी गाडी बरी झालेली नसते.

"न्यूट्रलला टाका, काही होत नाही"

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ला फोन करा. विम्यात रोडसाइड असिस्टन्सचं अॅड-ऑन असेल तर टोइंगचा खर्च त्यातून निघू शकतो. पण क्रेनवाला "न्यूट्रलला टाका" म्हणत हुक लावून पुढची चाकं रस्त्यावरच ठेवून ओढायला निघाला, तर नाही म्हणा. इंजिन बंद असताना बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात, तेही कोरडे. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर निदान पुढची चाकं उचललेली हवीत. ऑल व्हील ड्राइव्हला चारही. फ्लॅटबेड, म्हणजे आख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, मिळेपर्यंत दोन तास थांबावं लागलं तरी थांबा. गिअर लिव्हर पार्कमध्ये अडकला असेल, तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ छोटं झाकण असतं, त्याखाली शिफ्ट लॉक सोडायची सोय असते. मॅन्युअलमध्ये ते पान एकदा बघून ठेवा.

बॅटरीची तार काढून लावणं

हा आपल्याकडचा रामबाण उपाय. पाच मिनिटं तार काढली, दिवा गेला, सगळे खूश. पण त्यात साठलेले फॉल्ट कोड पुसले जाऊ शकतात, आणि बिघाड झाला त्या क्षणी वेग किती, तापमान किती ही नोंदही जाते. आधी स्कॅनर लावून स्क्रीनचा फोटो काढा. नुसता पी0700 दिसला तर तो आजार नव्हे. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने काहीतरी नोंदवलंय, एवढीच ती वर्दी. खरा कोड त्या युनिटमध्ये असतो आणि स्वस्तातल्या स्कॅनरला तो बऱ्याचदा वाचता येत नाही. पी0715 असेल तर इनपुट स्पीड सेन्सर किंवा त्याचं वायरिंग आधी तपासायचं. त्यासाठी आख्खा गिअरबॉक्स उतरवायला निघालेल्या गॅरेजमधून गाडी उचला.

बॅटरीचा व्होल्टेज मात्र जरूर मोजा. उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. व्होल्टेज पडला की इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स भलतेसलते कोड दाखवतो. अर्थिंगची गंजलेली पट्टीही तोच खेळ करते.

तेल न बघता एस्टिमेटवर सही

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर तेलाचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकायला सांगा. नव्या एटीएफचा (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा) रंग बहुधा लालसर असतो. तपकिरी आणि करपट वास म्हणजे आतल्या प्लेट जळाल्यात. दुधाळ गुलाबी असेल तर पाणी किंवा कूलंट शिरलंय. पावसात पाण्यातून गाडी काढली होती का, ते आठवा. तेलाची पॅन उघडली तर तिच्यातलं मॅग्नेट स्वतः बघा. त्यावर बोटाला लागणारी करडी, मऊ पेस्ट असणं नेहमीचं. धातूचे कण नखाला टोचले, तर मात्र काम मोठं आहे.

आणि "सगळ्याला हेच चालतं" म्हणत कुठलंही एटीएफ ओतू देऊ नका. सीव्हीटीचं तेल वेगळं, ड्युअल क्लचचं वेगळं. स्लिप होणाऱ्या गिअरबॉक्सला प्रेशरने फ्लश मारून (जुनं तेल दाबाने बाहेर ढकलून) घेणं हा तर माझ्या मते शुद्ध जुगार.

एएमटीवाल्यांनी यातलं बरंचसं सोडून दिलं तरी चालेल. 2014 मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली ही ऑटोमॅटिक म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं एवढंच. बिघाड बहुधा क्लचचा किंवा तो हलवणाऱ्या अॅक्च्युएटरचा. कोणी लगेच "असेंब्ली" (आख्खा गिअरबॉक्स) म्हणालं तर कारण विचारा.

"असेंब्लीच बदलावी लागेल, सर"

आम्हाला सर्व्हिस अॅडव्हायझरने तीन लाखांच्या वरचा आकडा सांगितला, गिअरबॉक्स न उघडता. मी फक्त एवढंच विचारलं, "कुठला भाग गेलाय, आणि ते कशावरून?" उत्तर आलं नाही. दुसऱ्या गॅरेजच्या फोरमनने लॅपटॉपवर क्लचच्या झिजेचं रीडिंग दाखवलं. क्लच पॅक संपला होता, बाकी ठणठणीत. बिल एक लाखाच्या आत आलं.

गिअरबॉक्स उघडायचे पैसे किती आणि काम तिथे केलं नाही तर किती, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. जुने पार्ट परत मागा. कुर्ल्याहून जुना गिअरबॉक्स आणून देतो म्हणणारा भेटेलच. तेव्हा गिअरबॉक्सवरचा कोड तुमच्याशी जुळतो का, तो पुरात बुडालेल्या गाडीतला तर नाही ना, आणि कंट्रोल युनिटचं कोडिंग कोण करणार, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी.

वॉरंटी संपली म्हणजे सगळं संपलं असं धरणं

साध्या विम्यातून हा खर्च मिळत नाही, झीरो डेपमधूनही (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणाऱ्या विम्यातूनही) नाही. गिअरबॉक्स प्रोटेक्ट अॅड-ऑन मुख्यतः पाणी शिरलं किंवा खालून दगड लागून तेल गळालं, अशा नुकसानीसाठी, झिजेसाठी नाही. पण चॅसी नंबर देऊन रिकॉल आहे का, ते विचारा. सर्व्हिस वेळच्या वेळी कंपनीत झाली असेल तर किलोमीटर, तारखा आणि बिलं जोडून कस्टमर केअरला ईमेल करा आणि गुडविल म्हणून खर्चात वाटा मागा. फोनवर मागू नका, लेखी हवं. तरीही भागलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, पण नुसत्या जुन्या झिजेवर तिथे केस टिकेल अशी आशा धरू नका.

गाडी परत घेताना गॅरेजच्या गल्लीतली चक्कर पुरत नाही. आम्ही फोरमनला शेजारी बसवून जुन्या कात्रज घाटात गेलो, अर्ध्या चढावर थांबलो, ब्रेक सोडून पुन्हा उचलली. दोनदा हलका झटका आला. त्याने तिथेच लॅपटॉप उघडून क्लचचं अॅडॅप्टेशन पुन्हा केलं (क्लच नेमका कुठे पकडतो ते कंट्रोल युनिटला नव्याने शिकवलं), आणि तिसऱ्यांदा गाडी निमूट चढली.