जनुक बसले, पण धागा कुठे? कृत्रिम रेशमाचे उत्पादन वाढवताना या चुका टाळा

कोळ्याच्या रेशमाचे जनुक जीवाणूत बसले, प्रथिन हाती आले, आता फक्त जीवाणू वाढवायची टाकी मोठी करायची, असे समजून पुढे जाणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. प्रथिन म्हणजे रेशीम नव्हे. रेशीम घडते ते कातताना, आणि आराखड्यांत कातण्याचा विचार बहुधा शेवटच्या पानावर असतो.

आधी टाकीतल्या चुका. कोळी ज्या धाग्यावर लटकतो त्याचे प्रथिन सुमारे ३०० किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक), म्हणजे खूप मोठे. त्यात ग्लायसीन आणि अ‍ॅलनिन या अमिनो आम्लांनी भरलेले तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि ही पुनरावृत्ती जीवाणूला झेपत नाही. बॅचअखेर प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एका पट्टीऐवजी शिडी दिसली, म्हणजे अर्धवट प्रथिनेही आढळली, तर तापमान बदलत बसू नका. आधी प्लाझ्मिडमधल्या (जीवाणूत जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यातल्या) जनुकाची लांबी तपासा. ती घटली असेल तर तुकडे गळत आहेत, जीवाणूचा वाण बदला. लांबी पूर्ण असेल तर प्रथिन बनताना ग्लायसीन आणून पोचवणारे रेणू, म्हणजे ट्रान्सफर आरएनए, कमी पडत असण्याची शक्यता मोठी. २०१० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी नेमका हाच पुरवठा वाढवून ई. कोलाय या जीवाणूकडून २८५ किलोडाल्टनचे प्रथिन करून घेतले होते.

फ्लास्कमधला उतारा मोठ्या टाकीत मिळत नसेल तर ऑक्सिजन, उष्णता आणि ग्लुकोज सोडण्याचा वेग पाहा.

आता कातणे. कोळ्याच्या ग्रंथीत हे प्रथिन पाण्यात अतिशय दाट असूनही गोठत नाही. नळीतून पुढे सरकताना सामू (पीएच) उतरतो, क्षार बदलतात, ओढ बसते आणि द्रवाचा धागा होतो. प्रयोगशाळेत सोय म्हणून एचएफआयपी हे प्रथिन विरघळवणारे रासायनिक द्रावक वापरतात. ते महाग आणि घातक आहे. टनावारी उत्पादनात ते परत गोळा करणे हाच एक वेगळा कारखाना होऊन बसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पाण्यातले कातणे गृहीत धरा. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या एका गटाने प्रथिनाचा मधला भाग छोटा केला, पण दोन्ही टोके राखली, आणि पाण्यातल्या प्रथिनाचा सामू उतरवून धागा काढला. टोके निरुपयोगी समजून छाटणारे इथेच अडकतात: सामू ओळखतात ती टोकेच. धागा ठिसूळ निघाला तर लगेच जनुकाकडे धावू नका. कातल्यानंतर धाग्याला दिलेला ताण वाढवून पाहा.

भिजवून पाहिल्याशिवाय तर एकही नमुना कोणाला दाखवू नका. कोळ्याचा धागा पाण्यात प्रचंड आकसतो. जपानच्या स्पायबर कंपनीने ‘मून पार्का’ हे जाकीट २०१५ मध्ये दाखवले, पण विक्री २०१९ मध्ये झाली. मधल्या काळात हे आकसणे कमी करण्यासाठी प्रथिनाची रचनाच बदलावी लागली.

रेशीम अळीत जनुक घालणाऱ्यांचे कातणे आयते होते, हे खरे. पण खूण म्हणून जोडलेल्या चमकत्या प्रथिनामुळे कोष हिरवे चमकले म्हणून भुलू नका. चमक फक्त जनुक आहे एवढेच सांगते. धाग्यात अळीचे स्वतःचे रेशीम-प्रथिन, म्हणजे फायब्रोइनच, बहुतांश असू शकते. ते प्रमाण वेगळे मोजा. आणि अंडी घातलेली प्रत्येक मादी पाश्चरच्या पद्धतीने सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. पेब्रिन हा रेशीम अळीचा रोग अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतो, आणि असा जनुक घातलेला वाण एकदा गेला तर त्याची अंडी कुठेही विकत मिळत नाहीत.