डिकीचे विजेवर चालणारे दार तपासण्यापूर्वीची तयारी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी विजेवर उघडझाप करणाऱ्या डिकीच्या दाराची तक्रार आली की पुष्कळदा थेट मोटर बदलण्याची भाषा सुरू होते. मोटर महाग असते, ती नागपूरहून मागवावी लागते आणि बसवल्यावरही दार तसेच अडले, तर गाडीमालकाचा पैसा आणि हंगामाचे दिवस दोन्ही वाया जातात. म्हणून पाना हातात घेण्याआधीची तयारी नीट करावी.

सर्वांत आधी गाडीमालकाला शांतपणे विचारून त्याचे म्हणणे वहीत उतरवावे. दार मुळीच हलत नाही, अर्ध्यावर थांबते, की बंद होता होता पुन्हा वर जाते, या तीन तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी निघतात. किल्लीचे बटण, चालकाजवळचे बटण आणि दारावरचे बटण ही प्रत्येकी वेगळी वापरून पाहावीत. एकाने दार चालते आणि दुसऱ्याने चालत नाही, तर मोटर निर्दोष समजून त्या बटणाकडे व त्याच्या वायरकडे वळावे. गाडीचा गियर पार्किंगवर (P) आहे का, सर्व कुलपे उघडी आहेत का, दाराची स्वयंचलित हालचाल बंद करण्याची सोय असल्यास ती कोणी चुकून वापरली आहे का आणि दार किती उंच उघडावे हे कमी करून ठेवले आहे का, हेही पाहून घ्यावे. अशा वेळी दार बिघडलेले नसते, दिलेली अट पाळत असते.

बॅटरी मोजण्यासाठी मल्टीमीटर आणि चार्जर जवळ ठेवावा. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा, १२.२ च्या खाली असल्यास आधी बॅटरी चार्ज करावी, कारण व्होल्टेज घसरले की दाराची हालचाल सांभाळणारे कंट्रोल युनिट मोटरला चालूच देत नाही. शेतावर आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमी आढळते. मात्र उभ्या गाडीचा आकडा चांगला आला म्हणून समाधान मानू नये. दार हलत असताना पुन्हा मोजावे, आणि मोटर चालू असताना अर्थिंगच्या बाजूला, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते तिथे, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर तो जोड उघडून घासून स्वच्छ करावा.

गाडीने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर पूर्ण चार्ज केलेला असावा आणि त्या मॉडेलचा, त्याच वर्षाचा वायरिंग नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असावा, कारण गावात नेटवर्क मिळेलच असे नाही. बॅटरीची तार काढण्यापूर्वी नोंदलेले कोड लिहून घ्यावेत. तार काढली की अनेक गाड्यांत दाराची ओळखलेली जागा (पूर्ण उघडे आणि पूर्ण बंद कुठे ते) पुसली जाते आणि ते पुन्हा शिकवावे लागते.

दार उचलून काम करताना मजबूत टेकू लावल्याशिवाय दार तोलून धरणारा गॅसचा दांडा कधीही काढू नये, आणि कुलपाच्या खाचेत बोट घालू नये. बंद होताना दार शेवटचे थोडे अंतर आत ओढून घेणारी मोटर हात ओळखत नाही. वीज तोडून दार हाताने वरखाली करून पाहिले, तर बिजागरी आवळली आहे की दांडा सैल पडला आहे हे कळते. मे महिन्याच्या उन्हात गॅसचा दाब वाढतो आणि पौषातल्या थंड पहाटे तो उतरतो, त्यामुळे थकलेला दांडा उन्हाळ्यात लपून राहतो व हिवाळ्यात अर्ध्यावर थांबलेल्या दाराच्या रूपाने उघड होतो.

खरा वेळ द्यावा तो छप्पर आणि दार यांच्यामधल्या रबरी नळीला. प्रत्येक उघडझापीत तिच्यातील वायर वाकतात, आणि बाहेरचे आवरण धड असूनही आतले तांबे तुटलेले असते. नळी मागे सरकवून एकेक वायर दोन चिमटींत धरून हलकेच ताणावी. तांबे तुटलेल्या जागी आवरण रबरासारखे लांबते. गाडी तूर किंवा सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणाही याच वेळी पाहाव्यात. कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळ फिरणाऱ्या गाड्यांच्या कुलपात कापसाचे तंतू आणि पावसाळ्यानंतर काळ्या मातीचा थर साचतो. तो ब्रशने काढल्याशिवाय कुलपाच्या आतील स्विचचे माप घेऊ नये, कारण दार बंद असूनही तो स्विच ते उघडे असल्याचे सांगत राहतो.

अडथळा आल्यावर दार मागे फिरते का, हे तपासण्यासाठी गोणपाटाची गुंडाळी हाताशी ठेवावी, हात मध्ये घालून पाहू नये. सलग अनेकदा उघडझाप केली तर मोटर तापून संरक्षणासाठी काही वेळ थांबते. त्याला नवा बिघाड समजू नये, सावलीत थोडी उसंत द्यावी. आतील आवरणाच्या प्लास्टिक क्लिपा उन्हाने ठिसूळ होतात व काढताना तुटतात, म्हणून त्यांचा एक जादा संच आधीच आणून ठेवावा.