लिम्फोमा: उपचाराआधीच्या सीबीसीतून लिम्फोसाइट-मोनोसाइट गुणोत्तर कसं काढायचं

डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचं (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा एक प्रकार) निदान झालं की आधी एवढं पाहा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलडीएचचं (पेशींमधलं एक एन्झाइम) रक्त स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वी घेतलंय का? प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात (न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट हे पांढऱ्या पेशींचे प्रकार). गाठ उतरावी म्हणून कुणी आधीच गोळ्या दिल्या असतील, तर त्या रक्तावरून आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज बांधू नका.

अहवालातल्या टक्क्यांवरून प्रत्यक्ष संख्या काढा. एकूण पांढऱ्या पेशी ७,२००, लिम्फोसाइट १५ टक्के, मोनोसाइट १० टक्के असतील तर लिम्फोसाइट १,०८०, मोनोसाइट ७२०, गुणोत्तर १.५. नुसते १५ भागिले १० केले तरी उत्तर तेच येतं. पण दोन्ही पेशी घसरलेल्या असतील तर ते त्यात दिसत नाही.

लिम्फोसाइट हे शरीराच्या प्रतिकाराचं बळ. मोनोसाइट गाठीत शिरून मॅक्रोफेज (भक्षक पेशी) बनतात आणि बऱ्याचदा टी-पेशींनाच (कर्करोगाशी लढणारे लिम्फोसाइट) दाबतात. म्हणून गुणोत्तर जितकं कमी, तितका अंदाज प्रतिकूल. मात्र सीमारेषा प्रत्येक अभ्यासात वेगळी आहे, त्यामुळे एका आकड्यावर ‘चांगलं-वाईट’ ठरवू नये आणि उपचार तर मुळीच बदलू नयेत.

पक्का आधार १९९३ च्या आयपीआयचा (लिम्फोमाची जोखीम मोजणारी आंतरराष्ट्रीय गुणपद्धत). वय ६० च्या वर, एलडीएच वाढलेलं, स्टेज ३ किंवा ४, लसिकाग्रंथींबाहेर एकाहून जास्त ठिकाणी आजार, ईसीओजी (रुग्ण रोजची कामं किती करू शकतो याची श्रेणी) २ किंवा अधिक: प्रत्येकी एक गुण. ०-१ कमी जोखीम, ४-५ जास्त. पुढच्या टप्प्यातल्या हॉजकिन लिम्फोमाचं (लिम्फोमाचा दुसरा प्रकार) गणित वेगळं. तिथे लिम्फोसाइट ६०० च्या खाली किंवा ८ टक्क्यांहून कमी असणं हा जोखमीच्या सात घटकांपैकी एक.

एलडीएच सगळ्यात जास्त फसवतं. तांबड्या पेशींत ते ठासून भरलेलं असतं. बारीक सुईने जोरात रक्त ओढलं, नळी हलवली किंवा सीरम वेगळं करायला उशीर झाला की पेशी फुटतात आणि आकडा उगाच चढतो. सीरम लालसर दिसलं तर नमुना पुन्हा घ्या.

ताप, क्षयरोग, डेंगी यांनीही पेशींचे आकडे हलतात. मँटल सेलसारख्या लिम्फोमाच्या प्रकारात तर लिम्फोमाच्याच पेशी रक्तात उतरतात आणि मशीन त्यांना लिम्फोसाइट म्हणून मोजतं. लिम्फोसाइट अनपेक्षितपणे जास्त दिसले, तर गुणोत्तर बाजूला ठेवून आधी पेरिफेरल स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली) पाहायला सांगा.