कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरल्यास इंजिनाची शक्ती कशी राखावी

हलक्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरण्यासाठी बाहेर थंडी असावीच लागते असे नाही, आणि नवशिक्या वैमानिकाची फसगत नेमकी येथेच होते. त्यातील व्हेंचुरी नावाच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब आणि त्याबरोबर तिचे तापमान उतरते. त्याच ठिकाणी इंधनाची वाफ होताना तीही भोवतालची उष्णता शोषून घेते. परिणामी आतले तापमान बाहेरच्यापेक्षा ३० अंश सेल्सिअसहूनही अधिक खाली जाऊ शकते. त्यामुळे २५ अंशांच्या निरभ्र पण दमट दुपारीही हवेतील बाष्प थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-अधिक करणाऱ्या, झडपेवर गोठू शकते. उलट कडाक्याच्या कोरड्या थंडीत हा धोका कमी असतो, कारण गोठण्याजोगे बाष्पच तेथे फारसे नसते. म्हणून उड्डाणापूर्वी तापमानाबरोबर दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) पाहावा. दोहोंतील अंतर जितके कमी, तितकी सावधगिरी अधिक.

स्थिर कोनाचा प्रोपेलर असलेल्या विमानात पहिली खूण म्हणजे थ्रॉटलला हात न लावता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू उतरणे. गव्हर्नर (प्रोपेलरचे फेरे स्थिर राखणारी यंत्रणा) असलेल्या विमानात आरपीएम जागचा हलत नाही, मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांतील, दाब घटतो. हा बदल इतका सावकाश होतो, की वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सारतो आणि विसरून जातो. माझ्या मते थ्रॉटल दुसऱ्यांदा पुढे सारावासा वाटला, की बर्फाचा संशय घ्यावा. इंजिन धडधडू लागेपर्यंत थांबू नये.

संशय येताच कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, खटका पूर्ण ओढावा. यानंतरच्या क्षणांत खरी परीक्षा असते. गरम हवा विरळ असल्याने मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढते, वितळलेले पाणी इंजिनात जाते, आरपीएम आणखी पडतो आणि इंजिन अडखळू लागते. आपणच बिघाड वाढवला असे वाटून खटका परत ढकलण्याचा मोह होतो. पण हे अडखळणे बहुधा बर्फ वितळत असल्याचेच लक्षण असते. पूर्ववत होण्यास अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटे लागू शकतात, आणि तोवर खटका तसाच राहू द्यावा. कार्ब्युरेटरचे तापमान दाखवणारे यंत्र नसेल तर खटका अर्धवट ओढू नये, कारण अपुऱ्या उष्णतेने बर्फाचे एरवी निघून जाणारे कणही ओलसर होऊन आत चिकटतात.

ही उष्णता एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या, नळीभोवतालच्या आवरणातून येते. म्हणजेच इंजिन बंद पडले की उपायही थोड्याच वेळात संपतो. याच कारणाने खाली उतरताना शक्ती कमी करण्याआधी हीट द्यावी, नंतर नव्हे. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असताना झडपेभोवतीची फट चिंचोळी असते, थोडासा बर्फही ती बुजवतो, आणि एक्झॉस्टही निवत जातो. लांब उतरणीत अधूनमधून थ्रॉटल थोडा वेळ उघडून इंजिन ऊबदार ठेवावे.

जमिनीवरील रन-अपमध्ये (उड्डाणापूर्वीच्या इंजिन-चाचणीत) हीट दिल्यावर आरपीएम उतरायलाच हवा. उतरला नाही तर यंत्रणा काम करत नाही असे समजावे. हीट बंद केल्यावर तो आधीपेक्षा वर गेला, तर बर्फ तेथेच धरला होता. मात्र ही गरम हवा गाळणीतून येत नसल्याने धुळीच्या जागी चाचणी लांबवू नये.

कोणत्या इंजिनाला बर्फाचा त्रास अधिक, हे रचनेवरही ठरते. लायकॉमिंगच्या अनेक इंजिनांत कार्ब्युरेटर तेलाच्या गरम टाकीला जोडलेला असतो, तर सेस्ना १५० मधील कॉन्टिनेंटल ओ-२०० मध्ये तो तसा नसल्याने तेथे बर्फ लवकर धरतो. म्हणून उतरताना हीट कधी द्यावी, याबाबत त्या-त्या विमानाच्या पुस्तिकेतील सूचनाच प्रमाण मानावी.

हीट चालू असताना शक्ती सुमारे १५ टक्क्यांपर्यंत घटू शकते. त्यामुळे उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे झाल्यास आधी थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि लगेच हीट बंद करावी.