रविवारच्या डावाआधी: पिन, बटवा आणि मिसळणाचा डबा

रविवारी सकाळी दहाला छोट्या सैनिकांच्या लढाईच्या खेळाचं टेबल लागणार असेल, तर टोकनांची, म्हणजे खुणांच्या चकत्यांची, तयारी आधीच्या रविवारीच सुरू करावी. सैनिक रंगवण्यात आपण महिनोन्‌महिने घालवतो. त्याच सैनिकांची अवस्था दाखवणाऱ्या खुणा मात्र ऐन वेळी हाताला लागेल त्यातून उचलतो: शर्टाचं बटण, लुडोची सोंगटी, किराणा बिलाचा फाडलेला तुकडा. मग तिसऱ्या टर्नला कुणालाच आठवत नाही की ते पिवळं बटण कशाचं होतं. मी पुढे जे लिहितोय ते 'बोल्ट अॅक्शन'पुरतं आहे. दुसऱ्या महायुद्धावरचा हा खेळ वॉरलॉर्ड गेम्स आणि ऑस्प्रे यांनी २०१२ मध्ये काढला. आम्ही अजून त्याची २०१६ची दुसरी आवृत्तीच खेळतो. टेबल सहा बाय चार फुटांचं, मिनिएचर, म्हणजे छोटे सैनिक, २८ मिलिमीटरचे. तुम्ही दुसरा कुठला खेळ खेळत असलात तरी यादी थोडी इकडेतिकडे करून चालेल.

पहिलं काम कात्री-फेविकॉलचं नाही, वहीचं आहे. नियमपुस्तक घेऊन बसा आणि युनिटवर, म्हणजे एखाद्या तुकडीवर किंवा रणगाड्यावर, येऊ शकणारी प्रत्येक अवस्था लिहून काढा. मग प्रत्येकीपुढे दोन प्रश्न विचारा. ही अवस्था या क्षणापलीकडे टिकते का? आणि ती टेबलावर दुसऱ्या कशावरून तरी आधीच दिसते का? टिकत नसेल तर टोकन नको. दिसत असेल तरीही नको. या खेळात प्रत्येक युनिटला टर्नमध्ये एकच हुकूम मिळतो आणि तो दाखवणारा ऑर्डर डाइस युनिटशेजारीच पडलेला असतो: फायर, अॅडव्हान्स, रन, अॅम्बुश (दबा धरणं), रॅली (सावरणं), डाउन (आडवं पडणं). त्यामुळे जमिनीला चिकटून पडलेल्या तुकडीसाठी वेगळी खूण करायची काहीच गरज नाही. मेलेले सैनिक टेबलावरून उचललेच जातात, म्हणजे किती उरले हेही दिसतं. चाळणी लावून झाली की माझ्या वहीत पाचच गोष्टी उरतात: पिन (गोळीबाराखाली दबल्याची खूण), जागेवर खिळलेला रणगाडा, वापरून झालेलं एकबारी हत्यार, धूर आणि तोफखान्याने नेम धरलेली जागा. पाचाच्या वर गेलात की टेबलावर सैनिक कमी आणि चकत्या जास्त दिसायला लागतात.

यातला खरा जीव पिनमध्ये आहे. शत्रूच्या एखाद्या युनिटने गोळीबार केला आणि निदान एक गोळी लागली की लक्ष्य झालेल्या युनिटवर एक पिन बसते, मग कुणी मरो वा न मरो. तोफगोळा पडला तर जास्त. प्रत्येक पिनमागे मोरल, म्हणजे मनोधैर्याचा आकडा, एकाने उतरतं आणि नेमही एकाने घसरतो. रेग्युलर, म्हणजे साधारण अनुभवाच्या, तुकडीचं मोरल ९. पिन नसेल तर हुकूम सरळ पाळला जातो, फासे टाकावेच लागत नाहीत. पिन असेल तर दोन फासे टाकून उरलेल्या मोरलइतका किंवा त्याहून कमी आकडा यायला हवा. एका पिनवर ८, म्हणजे छत्तीसपैकी सव्वीस शक्यता तुमच्या बाजूच्या. दोन पिनांवर एकवीस. तिसरी बसली की पंधरा. चौथीला दहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनमध्ये डाव उलटतो तो असा. म्हणून 'दोन होत्या की तीन' हा वाद या खेळात किरकोळ कधीच नसतो. आणि पिन मोरलइतक्या झाल्या की तुकडी मैदान सोडते.

असा एक वाद मी जवळून पाहिलाय. सवंगड्याने पिन मोजायला साधा सहा बाजूंचा फासा ठेवला होता, वर चार. त्याच्या मशीनगनच्या फाशांची पाळी आली, त्याने बोलता बोलता शेजारचे फासे ओंजळीत घेतले आणि त्यात तो चारचाही गेला. टेबलावर सहा फासे घरंगळले आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पाच टाकायचे होते. सहावा कुठला, आणि त्यावर आधी किती होतं? तो म्हणे तीन, मी म्हणे चार. अर्धा तास गेला, आणि डावातली मजाही गेली. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम पक्का आहे: जे फेकलं जातं त्याने मोजायचं नाही. तयारी करताना खेळाचे फासे एका थाळीत आणि ते तिथेच राहणार, हे आधी सांगून ठेवा.

मग पिन कशाच्या करायच्या? मी तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या पंधरा मिलिमीटरच्या गोल चकत्या कापून घेतो. वरच्या बाजूला फेविकॉलचं बोट फिरवायचं, चाळलेली वाळू भुरभुरवायची, मधोमध काडीच्या टोकाने खळगा करायचा. वाळलं की गडद तपकिरी, त्यावर मातकट रंगाचा कोरडा ब्रश. गोळीने उडालेली माती दिसते. कड मात्र स्वच्छ पांढरी ठेवायची, कारण हिरव्या-तपकिरी मॅटवर तपकिरी चकती हरवते. एक खळगा म्हणजे एक पिन, तीन खळगे म्हणजे तीन. दोन्हीकडे मिळून वीस-बावीस युनिट असतील तर चाळीस एकेरी आणि दहा तिहेरी मला आजवर पुरल्यात. आदल्या आठवड्यात रात्री ट्यूबलाइट लावून या चकत्या मॅटवर ठेवा, टेबलाच्या पलीकडे उभे राहा आणि न वाकता मोजा. वाकावं लागलं तर कड अजून रुंद रंगवा. प्रतिस्पर्ध्याला तिथूनच बघायचं असतं.

रंगावर सगळा भार टाकू नका. आमच्यातल्या एकाला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. पुरुषांमध्ये हे आपल्याला वाटतं त्याहून बरंच आढळतं आणि बहुतेक जण ते सांगत नाहीत. तेव्हा आकार बोलला पाहिजे. माझ्याकडे पिन गोल, खिळलेल्या रणगाड्याची खूण चौकोनी, पान्झरफाउस्टची, म्हणजे जर्मनांच्या रणगाडाविरोधी हत्याराची, त्रिकोणी. पान्झरफाउस्ट एकदाच डागता येतं, त्यामुळे खूण डागल्यानंतर ठेवण्याऐवजी मी उलटं करतो: प्रत्येक शिल्लक पान्झरफाउस्टमागे एक त्रिकोण सुरुवातीलाच तुकडीजवळ, आणि डागला की उचलायचा. टेबलावर काय आहे तेवढं बघायचं, काय नाही ते आठवत बसायचं नाही. धुरासाठी कापूस. औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा घ्या, पिंजा, आणि वर काळ्या पाण्याचा हलका फवारा. जळणाऱ्या रणगाड्यावर ठेवायचा काळा आणि मॉर्टरच्या (उखळी तोफेच्या) धुराचा पांढरा, हे दोन वेगळे डबे करा.

कागदी टोकनांची छापील पानं स्वस्त असतात, पण आपल्याकडे पंखा असतो. मे महिन्यात पंखा बंद करून खेळणं शक्य नाही आणि चालू ठेवला की टोकन शेजारच्या तुकडीवर जाऊन बसतं. पावसाळ्यात पुठ्ठा कडेने वळतो. छापायचंच असेल तर जाड पुठ्ठ्यावर चिकटवून खाली एकेक लोखंडी वॉशर लावा, वजन येतं.

युनिट हललं की त्याच्या पिन मागे राहतात, ही सगळ्यात नेहमीची चूक. दहा माणसं एकेक करून सहा इंच पुढे सरकवली आणि चकत्या कुंपणापाशीच. यावर मी आइस्क्रीमच्या काड्यांची पट्टी करतो: दोन काड्या शेजारी चिकटवून एका टोकाला ऑर्डर डाइस बसेल एवढी चौकट, पुढे तीन-चार पिनांची जागा. पट्टी नेहमी तुकडीच्या एनसीओच्या, म्हणजे म्होरक्याच्या, पायाशी. एनसीओ हलला की पट्टी हलली. चौकट करण्याआधी तुमचा डाइस मोजून घ्या, माझ्या पहिल्या दहा पट्ट्या वाया गेल्या होत्या.

ऑर्डर डाइस पिशवीतून न बघता काढायचे असतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे रंग वेगळे पण माप, कडा, गुळगुळीतपणा अगदी एकसारखा हवा. बोटांना फरक कळला तर खेळ संपला. पिशवी म्हणून आजीचा पानाचा बटवा उत्तम. आत मुठीसकट हात जाईल एवढा, दोरी ओढली की बंद, कापड जाड. आदल्या रात्री दोघांचे डाइस मोजून भरायचे आणि आकडा कागदावर लिहायचा.

बाकी सगळं सामान मी मिसळणाच्या डब्यात नेतो. स्टीलचा, सात वाट्यांचा. मोहरीच्या जागी एकेरी पिन, जिऱ्याच्या जागी तिहेरी, हळदीच्या वाटीत चौकोन, मग त्रिकोण, दोन वाट्यांत दोन रंगांचा कापूस, सातवीत तोफखान्याच्या नेमाचे खिळे. टेबलाच्या कडेला झाकण काढून ठेवला की दोघांचाही हात पोचतो आणि काय संपत आलंय ते दिसतं. घरातला वापरता डबा घेऊ नका, मसाल्याचा वास चकत्यांना कायमचा लागतो.

येत्या रविवारी आम्ही सेनियो नदीवरची लढाई मांडतोय, म्हणून या वेळी यादीत दोन खास खुणा वाढल्यात. ९ एप्रिल १९४५, उत्तर इटली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधले नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या, होते. मशीनगन आणि मॉर्टरच्या माऱ्यात त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवलं. मग परत फिरून मशीनगनचे तीन अड्डे बंद पाडले. हाताला जखम झाल्यावर टॉमी गन टाकली आणि हातबॉम्ब घेतले. शेवटी बंधाऱ्यावर उभं राहून, मराठ्यांची रणगर्जना करत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना याच दिवसासाठी मिळाला.

त्यासाठी जखमींच्या दोन खुणा केल्यात. उरलेल्या स्प्रूमधले (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यातले) आडवे देह, खाली पंचवीस मिलिमीटरचा बेस, बेसच्या कडेला पाच मिलिमीटरचा चुंबक. रनरच्या बेसलाही तसाच चुंबक लावलाय, ध्रुव जुळवून बघितल्यावरच चिकटवा. जखमीला उचललं की बेस 'टक्' करून चिकटतो आणि दोघं एकत्र सरकतात. आमचा घरचा नियम: जखमी सोबत असेपर्यंत रन नाही. एका माणसाच्या युनिटवर दोन पिन बसल्या आणि मध्ये नदी असली की हा प्रवास किती लांबचा आहे ते इंचाइंचाला कळतं. सुरुंगाचा पट्टा दिसलाच पाहिजे, म्हणून काड्यांना सुतळी बांधून कुंपण केलंय.

पिन लावताना मला नेहमी आठवतात ते मात्र यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं, त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे जण पडले, कुणी ठार, कुणी जखमी. एकटे नाईक घाडगे उरले आणि ते मशीनगनवर धावून गेले. बॉम्ब टाकून गन आणि गनर संपवले, एकाला गोळी घातली, उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने. नंतर शत्रूच्या गोळ्यांनी तिथेच त्यांना वीरमरण आलं. आपल्या टेबलावर असं युनिट म्हणजे एक माणूस आणि शेजारी चार पिन, छत्तीसपैकी दहा. त्या दहाला काय किंमत आहे हे खेळणाऱ्याला समोर दिसावं, म्हणून चकत्या नीट करायच्या.

रविवारी सकाळी उरतं ते थोडंच. पाण्याच्या बाटल्या आणि चहा टेबलाखेरीज दुसरीकडे. चकत्यांचा एक-एक नमुना आणि त्याचा अर्थ लिहिलेला पुठ्ठा दोघांच्या मधोमध. पहिला फासा पडण्याआधी तीन गोष्टी तोंडी ठरवून घ्या: पिन ठेवायची ती गोळीबार करणाऱ्याने, ज्याचं युनिट त्याने नाही. काढायची ती मालकाने, आणि काढताना मोठ्याने आकडा म्हणायचा: 'तीनातली एक गेली, दोन राहिल्या.' टर्न संपताना डाइस बटव्यात परत जातात तेव्हा अॅम्बुश आणि डाउनचे कुणाचे तसेच ठेवायचेत ते विचारूनच हात लावायचा.

आवरताना वाटीवाटीने मोजा. चाळीस, दहा, बारा चौकोन, आठ त्रिकोण. कमी भरलं तर आधी मॅटच्या घडीत बघा, मग सोफ्याखाली.